ओझे वाहणाऱ्या विमानाचे जतन



आजचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असल्यास आम्हांला नवल वाटणार नाही. निवृत्त झालेली लष्करी मालवाहू विमाने जतन करावीत की मोडीत काढावीत, हा हिशेबनिसाचा प्रश्न आहे. इतिहासाच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्या शंकेला प्रारंभीच उत्तर देऊ.

मोगलांच्या आणि पुढे मराठ्यांच्या फौजांना धान्य पुरविण्याचे काम लमाणांचे तांडे करीत. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते लष्करामागून चालत. तांडा वेळेवर पोचला नाही तर मोठमोठ्या सरदारांनाही मुक्काम हलवावा लागे. तथापि पोवाडे झाले ते तलवारींचे. आपल्या वस्तुसंग्रहालयांत पट्टे, दांडपट्टे, भाले आणि ढाली भिंतभर लटकलेल्या दिसतात. ज्या गोणीतले धान्य खाऊन ते हात चालले ती गोणी मात्र क्वचितच कोणी जपली. लढणाऱ्याची आठवण राहते आणि ओझे वाहणाऱ्याची पुसली जाते, असा हा जुना क्रम आहे. विमानांच्या युगातही तो बदललेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात मिग जातीचे लढाऊ विमान आहे, गावोगावच्या चौकांतही लढाऊ विमाने चौथऱ्यावर चढलेली दिसतात. मालवाहू विमान तसे मांडलेले पाहायचे तर शोधतच जावे लागते. म्हणून आज आम्ही अशाच एका ओझेवाहू विमानाची कथा सांगणार आहोत, आणि ते जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, याचा विचार आपल्यापुढे ठेवणार आहोत.

हे विमान म्हणजे डाकोटा. त्याचे मूळ अमेरिकी नाव डीसी-३. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे डग्लस कंपनीने ते बांधले आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी ते प्रथम आकाशात गेले. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर ३२ वर्षे पूर्ण झाली होती. प्रवाशांना आरामात झोपून जाता यावे यासाठी त्याची योजना झाली होती. परंतु महायुद्ध पेटले आणि त्याचे लष्करी रूप, सी-४७, दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झाले. त्याला डाकोटा हे नाव दिले ते इंग्रजांनी. ९५ फूट रुंदीचे पंख, प्रत्येकी सुमारे १,२०० अश्वशक्तीची दोन इंजिने, आणि २८ सैनिक किंवा तीन टनांच्या आतबाहेर माल वाहण्याची ताकद, असा त्याचा साधा हिशेब होता. वेग फारसा नाही, बंदूक एकही नाही. पण कच्च्या मैदानावर ते उतरे, थोडक्या जागेतून उठे, आणि बिघडले तर उघड्यावर उभे करून दुरुस्त करता येई. युद्ध संपल्यावर सेनापती आयसेनहोवर यांनी विजयास कारण झालेली प्रमुख साधने सांगताना बुलडोझर, जीप, अडीच टनी ट्रक आणि हे सी-४७ विमान यांची नावे घेतली, आणि यांपैकी एकही वस्तू लढाईसाठी म्हणून घडविलेली नव्हती, याकडे लक्ष वेधले. ज्याने युरोपात एवढी मोठी मोहीम चालविली त्याची ही साक्ष आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्या हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या पथकाकडे डाकोटा विमाने आली होती. त्यांची कसोटी फार लवकर लागली. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर टोळीवाल्यांची धाड आली. २६ तारखेला महाराजा हरिसिंह यांनी सामीलनाम्यावर सही केली, आणि २७ ऑक्टोबरला पहाटे दिल्लीहून शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान घेऊन डाकोटा विमाने श्रीनगरकडे निघाली. हवाई दलाची विमाने पुरेशी नव्हती. म्हणून खाजगी कंपन्यांची डाकोटाही सरकारने कामाला लावली. श्रीनगरची धावपट्टी कच्ची होती, आणि ती शत्रूच्या हाती गेली आहे की नाही हे निघताना ठाऊक नव्हते. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांना त्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूस वीरमरण आले. त्यांना पुढे मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. त्या सकाळी सैनिक घेऊन श्रीनगरला पोचलेले पहिले डाकोटा व्हीपी ९०५ या क्रमांकाचे, अशी हवाई दलाची परंपरा सांगते. हा क्रमांक आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पुढच्या वर्षभरात या विमानांनी जे केले ते त्यांच्या बांधणाऱ्यांनाही स्वप्नात दिसले नसेल. वेढ्यात सापडलेल्या पूंछमध्ये फौजेने व निर्वासितांनी मिळून धावपट्टी तयार केली, आणि तोफांच्या माऱ्याखाली डाकोटा तिथे दारूगोळा व धान्य उतरवू लागली. परतताना जखमी माणसे आणि निर्वासित कुटुंबे घेऊन येऊ लागली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्या यांना शेजारी बसवून लेहच्या वाळवंटी पठारावर डाकोटा उतरविले. समुद्रसपाटीपासून सुमारे ११,००० फूट उंचीची ती जागा, वाटेत त्याहून कितीतरी उंच डोंगर, आणि विमानाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय मुळीच नाही. लेहची ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या हातांनी तयार करून घेतली होती. काश्मीरचा हा भाग तलवारीने राखला हे खरे. पण ती तलवार तिथवर पोचविली या विमानांनी.

शांततेच्या काळातही डाकोटा बसून राहिले नाही. युद्धानंतर शिल्लक पडलेली अनेक विमाने स्वस्तात विकली गेली आणि त्यांतून आपल्याकडील कित्येक विमान कंपन्या उभ्या राहिल्या. १९४९च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांची ही कल्पना. नागपूरच्या जुन्या मंडळींनी मध्यरात्री ऐकलेली ती घरघर डाकोटांची होती.

महाराष्ट्राशी जोडणारा आणखी एक धागा १९७१ सालचा आहे. ११ डिसेंबरला पूर्व बंगालातील टांगाईल येथे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण आकाशातून उतरली. मागे सरकणाऱ्या शत्रूची ढाक्याकडची वाट अडविणे हे तिचे काम होते. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. त्या काळी तिच्या नावापुढे कंसात ‘मराठा’ असेच लिहीत. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही ज्या मराठा फौजेची रणगर्जना, तिचे हे वारसदार ज्या विमानांतून त्या दिवशी उडाले, त्यांत रशियन बनावटीची आन्तोनोव्ह होती, अमेरिकी पॅकेट होती, आणि छत्तीस वर्षांपूर्वीच्या आराखड्याची डाकोटाही होती. १९८०च्या दशकात हवाई दलाने डाकोटाला निरोप दिला.

निरोपानंतर काय झाले हा आमच्या व्याख्यानाचा मुख्य प्रश्न आहे. बहुतेकांचे जे व्हायचे तेच झाले. विमान हे मुख्यतः ॲल्युमिनिअमचे, आणि ॲल्युमिनिअमला भंगाराच्या बाजारात भाव असतो. लढाऊ विमान लहान. ते एखाद्या चौकात मावते. मालवाहू विमान ठेवायचे तर अर्धे मैदान द्यावे लागते. शिवाय त्याला ना सुळे ना नखे. मुलांना ते दाखवून काय सांगायचे, असे पालिकेच्या सभेत कोणीतरी विचारतोच. अशा रीतीने ही विमाने विमानतळांच्या कोपऱ्यांत गवतात उभी राहिली आणि एकेक करून लिलावात गेली. क्वचित एखाद्याचे दैव उघडते. बिजू पटनाईक यांच्या कलिंग एअरलाइन्सचे एक डाकोटा कोलकात्याच्या विमानतळावर असेच पडून होते. जानेवारी २०२३ मध्ये ते सुटे करून ट्रकांवरून भुवनेश्वरला नेले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या विमानतळावर लोकांसाठी मांडले.

परंतु एखादी वस्तू संग्रहालयात ठेवली म्हणजे ती वाचली, असेही नाही. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत ती पुढे तरंगते संग्रहालय झाली. शाळांच्या सहली तिच्यावर गेल्या. २०१२ मध्ये ते संग्रहालय बंद झाले आणि २०१४च्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅसच्या ज्योती चालू लागल्या. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे मोटारसायकलींच्या टाक्यांत गेला. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात जिने पराक्रम केला तिची ही गत झाली, तर पोती वाहणाऱ्या विमानाला कोण पुसतो! जतनाचा निर्णय एका दिवशी होतो, टाळ्याही त्याच दिवशी पडतात. त्याचा खर्च मात्र दरसाल येतो. हा खर्च कशाकशाचा, तेही पाहू.

डाकोटाचा पत्रा टिकाऊ असला तरी खारी हवा आणि साचलेले पाणी त्याला हळूहळू खाते. जिथे पोलादाचा खिळा ॲल्युमिनिअमला भिडतो तिथे ओल मिळाली की गंजण्याची क्रिया वेगाने होते. पंखांवरची व शेपटीवरची हलती पाने तर कापडाने मढविलेली असतात. दोन पावसाळे उघड्यावर गेले की त्यांच्या चिंध्या व्हायला लागतात. पोकळ जागांत पाखरे घरटी करतात आणि त्यांची विष्ठा पत्र्याला भोके पाडते. गोव्यात बोगमाळ्याला नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे चार इंजिनांचे भव्य विमान आहे. त्याने आधी एअर इंडियाचे प्रवासी नेले, मग हवाई दलाची सेवा केली आणि शेवटी नौदलाची. आपल्या भागातील लोकांनी ते जरूर पाहावे. आणि पाहताना हेही मनात आणावे, की समुद्राकाठी उघड्यावर उभे असलेले एवढे मोठे धूड राखणे म्हणजे दर पावसाळ्याशी नव्याने झुंज घेणे होय.

उडते विमान राखणे त्याहून अवघड. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर सात-सातच्या दोन वर्तुळांत बसविलेले असतात. विमान उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच इंजिन चालू केले तर आतला दांडा वाकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंख्याचे पाते हाताने धरून सावकाश फिरवावे लागते. ही गोष्ट पुस्तकात लिहिलेली असते. पण फिरविताना हाताला किती अडथळा लागला म्हणजे थांबायचे, हे जुना मिस्त्री नव्याला शेजारी उभे करून शिकवितो. तो मिस्त्री गेला आणि शिष्य तयार झाला नाही, तर विमान सुस्थितीत असूनही मुके होते. तेव्हा विमानाच्या जतनात माणसाच्या हाताचे जतन आलेच.

आता त्या व्हीपी ९०५ क्रमांकाकडे परत येऊ. सप्टेंबर किंवा ऑक्टोबरात हवाई दलाची संचलने पाहणाऱ्यांना ठाऊक असेल, की आज आपल्या हवाई दलाकडे एक उडते डाकोटा आहे. त्याचे नाव ‘परशुराम’. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडात विकत घेतले, स्वखर्चाने दुरुस्त करून घेतले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे हवाई दलात डाकोटा चालवीत. ही देणगी स्वीकारायला सरकारदरबारी काही वर्षे लागली. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर तो प्रश्न मार्गी लागला. एप्रिल २०१८ मध्ये हे विमान कॉव्हेंट्रीहून निघाले, युरोप आणि आखाती देश ओलांडीत टप्प्याटप्प्याने जामनगरला उतरले, आणि ४ मे रोजी हिंडन येथे ते विधिपूर्वक हवाई दलात दाखल झाले. २०२१च्या प्रजासत्ताकदिनी दोन हेलिकॉप्टरांच्या सोबतीने ते राजपथावरून उडाले. त्याच्या अंगावर क्रमांक रंगविला आहे व्हीपी ९०५.

पण हे ते विमान नव्हे. महायुद्धाच्या काळात बांधलेले, ब्रिटिश हवाई दलातून पुढे नागरी सेवेत गेलेले हे दुसरेच डाकोटा आहे. मग हा इतिहास की सोंग? हा प्रश्न आम्ही गंभीरपणे विचारतो, कारण जतनाची सारी नीती त्यात आहे.

अशाच प्रकारची दोन परदेशी उदाहरणे पाहू. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यात, १९४८ साली, आचे प्रांतातील लोकांनी सोनेनाणे देऊन एक डाकोटा घेण्यासाठी निधी जमविला. त्याचे नाव ‘सेउलावा’, क्रमांक आरआय-००१. डिसेंबर १९४८ मध्ये ते दुरुस्तीसाठी आपल्या कलकत्त्यात आले असतानाच डचांनी जोगजकार्तावर हल्ला केला. परत जायला जागा उरली नाही, म्हणून ते ब्रह्मदेशात भाड्याने चालविले आणि त्या कमाईवर लढ्याला हातभार लावला. आज बांदा आचेच्या मैदानावर त्या क्रमांकाचे डाकोटा स्मारक म्हणून उभे आहे. तेही मूळचे विमान नव्हे. पण तिथे जाणारा माणूस आपल्या आजीने उतरवून दिलेल्या बांगड्यांची आठवण घेऊन जातो, आणि ती आठवण खोटी नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीवर छत्रीधारी सैनिक सोडायला आठशेंहून अधिक सी-४७ विमाने निघाली. अमेरिकी सैनिकांच्या मुख्य लाटेच्या अग्रभागी जे विमान होते त्याच्या नाकावर एक खट्याळ वाक्य रंगविले होते: ‘दॅट्स ऑल, ब्रदर’, म्हणजे ‘संपलं, भावा’. युद्धानंतर ते विकले गेले, मालक बदलत गेले, रंग बदलत गेले, आणि ते विमान कोणते हे सारे विसरले. पुढे साठ वर्षांनी एका इतिहासलेखकाने त्या वैमानिकाची कागदपत्रे धुंडाळता धुंडाळता विमानाचा लष्करी क्रमांक शोधून काढला. तो क्रमांक त्याला विस्कॉन्सिनमधील ऑशकोश येथे घेऊन गेला. जुन्या डाकोटांना नवी इंजिने बसवून त्यांचे रूप पालटण्याचा कारखाना तिथे आहे, आणि ते विमान त्याच रांगेत आपल्या पाळीची वाट पाहत होते. लोकवर्गणी जमली, विमान सोडविले गेले, २०१८च्या जानेवारीत ते पुन्हा उडाले आणि २०१९ मध्ये, पंचाहत्तर वर्षांनी, नॉर्मंडीला जाऊन आले.

या दोन उदाहरणांतील फरक कशाचा? देशभक्तीचा नाही, पैशाचाही नाही. तो कागदाचा आहे. अमेरिकेत क्रमांक, वैमानिक, तारीख आणि विक्रीची पावती यांची साखळी कुठे तुटली नव्हती, म्हणून अस्सल विमान हाती आले. जिथे साखळी तुटते तिथे जोडीदार विमानाला मूळचे नाव द्यावे लागते. तसे देण्यात आम्हांला पाप दिसत नाही. आपल्याकडे मूर्ती भंगली तर विसर्जन करून त्याच गाभाऱ्यात नव्या मूर्तीची प्रतिष्ठा करतात. पण जुनीच मूर्ती म्हणून कोणी सांगत नाही. हाच नेम इथे पाळावा. ‘परशुराम’ पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलाला फलकावर दोन ओळी वाचायला मिळाव्यात: हे विमान स्वतः कुठे जन्मले, कुणाच्या सेवेत होते, ही पहिली ओळ; आणि ज्याचा क्रमांक ते मिरविते त्याने २७ ऑक्टोबर १९४७ला काय केले, ही दुसरी. दोन्ही ओळी असल्या तर ते स्मारक. पहिली ओळ गाळली तर मात्र ती दंतकथा होते, आणि दंतकथेचा दोष असा की एकदा ती उघडी पडली की तिच्याबरोबर खरी गोष्टही लोकांच्या मनातून उतरते. व्हीपी ९०५चा पराक्रम खरा आहे. त्याला खोट्या टेकूची गरज नाही.

यावरून जतनाचा क्रम कसा असावा, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. आधी कागद, मग हात, मग पत्रा. प्रत्येक निवृत्त विमान मोडीत काढण्यापूर्वी त्याची उड्डाणवही आणि दुरुस्तीची नोंदवही अभिलेखागारात जावी. त्याच्यावर काम केलेल्या जुन्या मिस्त्र्यांचे बोलणे टिपून ठेवावे. आणि त्या जातीचे निदान एक विमान तरी छपराखाली, पावसापासून दूर ठेवावे. सगळी विमाने ठेवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पण पहिली दोन कामे केली नाहीत, तर ठेवलेले एक विमानही कुणाचे आणि कशासाठी, हे पन्नास वर्षांनी सांगता येणार नाही.

हे काम सरकारचे, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. वैमानिकांची नावे तरी इतिहासात येतात. पण पूंछला पोती उतरविणारे, ईशान्येच्या डोंगरांत दारात उभे राहून धान्याच्या थैल्या खाली ढकलणारे, नागपूरच्या मध्यरात्री टपालाच्या थैल्या उचलणारे, आणि थंडीत बोटे बधिर झाली तरी स्क्रू आवळणारे, ही माणसे आपल्यासारख्या गावांतूनच गेली होती. कित्येक घरांच्या माळ्यावर त्यांच्या ट्रंका आहेत. त्यांत सेवापुस्तक असेल, विमानासमोर उभे राहून काढलेले छायाचित्र असेल, एखादी तारीखवार डायरी असेल. छायाचित्रातल्या विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक वाचता आला, तर तेवढ्यावरून एखाद्या विमानाचा माग लागू शकतो. ऑशकोशच्या विमानाचा शोधही शेवटी एका क्रमांकावरूनच लागला. अशा ट्रंका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी उघडून पाहाव्यात, छायाचित्रामागे माणसाचे नाव, जागा आणि साल लिहून ठेवावे, आणि गावातल्या ग्रंथालयाने अशा कागदांसाठी एक कपाट राखावे, एवढेच आमचे मागणे आहे. लमाणांच्या तांड्यांची नावे आज आपल्याला सांगता येत नाहीत. डाकोटाच्या माणसांची सांगता येतील, अजून वेळ आहे.